पान छापणारा फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिनचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. वादळ, पतंग आणि दोरीला बांधलेली किल्ली. इलेक्ट्रिकलवाले तर त्याला आपला मूळपुरुषच मानतात, कारण बॅटरी, चार्ज, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह हे शब्द विजेच्या बाबतीत रूढ केले ते त्याने. पण मला जे सांगायचंय त्यात पतंग एखाद्या ओळीपुरताच येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

झालं असं की सेमिनारसाठी मी विषय घेतला होता, हातात धरता येणारी वस्तू अस्सल आहे की नक्कल हे क्रिप्टोग्राफीने कसं ठरवायचं. औषधाचा बॉक्स, गाडीचा स्पेअर पार्ट, चलनी नोट, काहीही. एक पेपर वाचला, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असं मागे मागे जाता जाता मी पोचलो थेट १७३० च्या दशकातल्या फिलाडेल्फियात, एका छापखान्यात. तिथे शाईने हात काळे करून उभा होता फ्रँकलिन. मग सेमिनार राहिला बाजूला आणि मी त्या माणसाच्या मागे लागलो.

जन्म १७ जानेवारी १७०६, बॉस्टन. बाप जोसाया मेणबत्त्या आणि साबण करायचा. घरात सतरा मुलं, त्यात हा पंधरावा आणि मुलग्यांत सगळ्यात धाकटा. शाळा दहाव्या वर्षी सुटली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात उमेदवारीला बसवलं. जेम्सने १७२१ मध्ये वर्तमानपत्र काढलं. धाकट्याला त्यात लिहायचं होतं, पण भाऊ आपलं छापणार नाही याची खात्री. म्हणून या सोळा वर्षांच्या पोराने एका मध्यमवयीन विधवेच्या नावाने पत्रं लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. अशी चौदा पत्रं १७२२ मध्ये छापून आली आणि लोकांना भलतीच आवडली. पुढे ज्याने जन्मभर खोट्या नोटांशी झगडा मांडला त्याची सुरुवात खोट्या नावाने व्हावी, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते.

भावाशी पटेना. १७२३ मध्ये सतराव्या वर्षी पळाला आणि फिलाडेल्फियाला आला. काम मिळालं कायमर नावाच्या छापखानेवाल्याकडे. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर विल्यम कीथ याला हा मुलगा हुशार वाटला. त्याने सांगितलं, तू स्वतःचा छापखाना काढ, लंडनला जाऊन यंत्र आणि खिळे घेऊन ये, मी तुला ओळखीची आणि उधारीची पत्रं देतो. म्हणजे ते पत्र दाखवलं की तिथला व्यापारी माल उधार देणार. पत्रं जहाजाच्या टपालाच्या थैलीत येतील असं कळलं. २४ डिसेंबर १७२४ ला जहाज लंडनला लागलं, थैली उघडली, तर आत याच्यासाठी एकही पत्र नाही! गव्हर्नरची लंडनमध्ये कवडीची पत नव्हती हेही तिथेच कळलं. अठरा वर्षांचा मुलगा, परका देश, खिशात जेमतेम पैसे. मग दीड वर्ष लंडनच्या छापखान्यांत नोकरी केली आणि १७२६ मध्ये परत आला. कागदावर लिहिलेला शब्द आणि त्यामागची खरी पत यात किती अंतर असू शकतं, हे त्याला अशा रीतीने कळलं. चांगलंच कळलं असणार.

परत कायमरकडेच. १७२८ मध्ये शेजारच्या न्यू जर्सी वसाहतीच्या कागदी नोटा छापायचं काम कायमरला मिळालं. त्यासाठी लागणारं तांब्याच्या पत्र्यावरून छापायचं यंत्र फ्रँकलिनने स्वतः जुळवलं, नोटेवरची नक्षी स्वतः कोरली आणि बर्लिंग्टन गावी जाऊन सुमारे तीन महिने नोटा छापल्या.

आता नोटा का लागत होत्या ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमेरिकेतल्या त्या वसाहती इंग्रजांच्या ताब्यात होत्या. सोन्याचांदीची नाणी यायची तशी इंग्लंडच्या मालाची किंमत चुकवायला परत जायची. बाजारात सुट्या पैशांचा कायमचा दुष्काळ. माल आहे, घेणारा आहे, पण देवघेवीला नाणंच नाही. म्हणून वसाहतींनी कागदी नोटा काढल्या. फ्रँकलिनने १७२९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कागदी चलन का हवं यावर निनावी पुस्तिका लिहून छापली. ती गाजली, विधिमंडळाने आणखी नोटा मंजूर केल्या आणि १७३१ पासून पेनसिल्व्हेनियाच्या नोटा छापायचं कंत्राट फ्रँकलिनकडे आलं. पुस्तिका लिहिणारा तोच आणि कंत्राट घेणारा तोच. आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते सांगायला नको. त्याने हे कधी लपवलं नाही, उलट आत्मचरित्रात तो हे उघडपणे मान्य करतो.

नोटा आल्या तशा खोट्या नोटाही आल्या. शिक्षा भयंकर होत्या. पुढेपुढे तर नक्कल करणाऱ्याला मृत्युदंड आहे हे नोटेवरच छापायला लागले. तरी नक्कल थांबली नाही. याचं कारण आपल्याला मेसच्या कुपनांवरून समजेल. आमच्या हॉस्टेलला एके वर्षी मेसवाल्या काकांनी कुपनं छापून घेतली, कोपऱ्यात रबरी शिक्का. महिन्याभरात कुपनांची झेरॉक्स सुरू. काकांनी कागद गुलाबी केला, तर स्टेशनरीच्या दुकानात गुलाबी कागदही मिळत होता. शिक्का बदलला, तर शिक्का करणारा एकटा थोडाच आहे गावात! जी गोष्ट एका कारागिराच्या हाताने होते ती दुसऱ्या कारागिराच्या हाताने होणारच. १७३० मध्येही तेच. खिळे सगळ्या छापखान्यांत सारखे, नक्षी कोरणारे भरपूर. प्रत्येक नोटेवर नेमलेली माणसं हाताने सही करायची, आकडा घालायची, पण सहीची नक्कल तर सगळ्यात सोपी.

फ्रँकलिनचा एक मित्र होता, जोसेफ ब्राइंटनॉल. त्याला झाडाच्या पानांचा नाद. पानाला शाई लावायची, कागदावर दाबायचं, की शिरांसकट पान उमटतं. आपण नाही का लहानपणी पिंपळाचं पान वहीत ठेवायचो, जाळी पडेपर्यंत? ती जाळी नीट आठवा. मधली शीर देठाजवळ जाड आणि टोकाला केसासारखी, तिला फुटलेल्या फांद्या, त्यांना फुटलेली उपशाखांची जाळी. जाड ते बारीक हा उतार कुठेही एकदम तुटत नाही. कोरणाऱ्याच्या हत्याराला नेमकं हेच जमत नाही. आणि एकाच फांदीच्या दोन पानांची जाळी एकसारखी नसते. फ्रँकलिनने हेच पान उचलून नोटेच्या पाठीवर नेऊन बसवलं. १७३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याच्या नोटांवर सेज, विलो असल्या झाडांची पानं दिसायला लागतात.

सांगायला सोपं, पण करायला नाही. मी हॉस्टेलमागच्या पिंपळाचं एक पान घेऊन स्टॅम्पपॅडवर दाबून पाहिलं. पहिले दोन छाप सुरेख, तिसऱ्याला शाई शिरांच्या मध्ये भरली आणि चौथ्याला पान देठापाशी फाटलं. इथे तर नोटा हजारोंनी छापायच्या. म्हणजे पान धातूत उतरवायला हवं. ओल्या प्लास्टरवर कापडासकट पान दाबायचं, प्लास्टर घट्ट झालं की पान काढून घ्यायचं आणि त्या ठशावरून खिळ्यांच्या धातूचा रस ओतून ठोकळा पाडायचा, अशी काहीशी रीत होती. शिरा उठावात येतील आणि सपाट यंत्रावर बाकी मजकुराबरोबर छापता येतील असा ठोकळा. फाउंड्रीचं प्रॅक्टिकल केलेल्या मेकॅनिकलच्या मंडळींना यातली अवघड जागा लगेच कळेल. केसाएवढ्या रेषेत धातू भरला पाहिजे आणि वर तो दाबाखाली टिकला पाहिजे. फ्रँकलिनने ही रीत आपल्या माणसांपुरतीच ठेवली, लिहून छापून कधी दिली नाही. ती कशी असणार हे अभ्यासकांनी विसाव्या शतकात ठोकळ्यांच्या खुणांवरून जुळवून काढलं.

क्रिप्टोग्राफीच्या पहिल्या लेक्चरला आपल्याला केर्कहॉफ्सचं तत्त्व शिकवतात. १८८३ मधलं. यंत्रणा शत्रूच्या हाती लागली तरी चालेल, फक्त किल्ली गुप्त राहिली पाहिजे. त्या फूटपट्टीने मोजलं तर फ्रँकलिन नापास व्हायला हवा, कारण तो रीत लपवतो. पण नीट पाहिलं तर तसं नाही. समजा रीत चोराला कळली. तो पान आणेल, प्लास्टर कालवेल, धातू ओतेल. त्याच्या हाती सुंदर पान येईल, पण ते दुसरं पान असेल. नोटेवरचं ते अमुक एक पान वाळून कधीच नाहीसं झालेलं असतं. म्हणजे खरी किल्ली गुप्तपणात नव्हतीच, ती झाडाने केलेल्या त्या एका जाळीत होती. फ्रँकलिनने हे असं मांडलं होतं असं मी म्हणत नाही. त्याने ते करून मात्र ठेवलं.

कागदातही त्याने कसर ठेवली नाही. लगद्यात निळे धागे, अभ्रकाचा चुरा. त्याने आणि त्याच्या जाळ्यातल्या छापखान्यांनी मिळून सुमारे २५ लाख नोटा छापल्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

एवढं असूनही यात एक मोठी फट राहते. पान खरं की खोटं हे बघणार कोण? खेड्यातला शेतकरी. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात घोडा विकतोय, हातात मळकी नोट येते. खऱ्या पानाची शीर कितव्या ठिकाणी फुटते हे त्याला कसं माहीत असणार? चोराला पान हुबेहूब करायची गरजच नाही, शेतकऱ्याला फसवण्याइतपत केलं की झालं. नक्कल अवघड करणं हे निम्मं काम. तपासणी सोपी करणं हे दुसरं निम्मं, आणि ते पानाने होत नाही. शिवाय एकाच ठोकळ्याने हजारो नोटांवर तेच पान उमटणार. पान अद्वितीय, नोट नाही.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकात आहेत. १७४८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी डेव्हिड हॉल या भागीदाराच्या हाती छापखाना सोपवून मोकळा झाला. मग वीज, १७५२ चा पतंग, १७५३ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉपली पदक. मग राजकारण, लंडनमध्ये वसाहतींचा प्रतिनिधी. १७६४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींच्या कागदी चलनावर बंधनं आणली, १७६५ मध्ये स्टॅम्प कायदा आणला, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. एक गोष्ट मात्र वगळू नये. याच माणसाच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत होत्या आणि त्याच्या घरीही गुलाम होते. म्हातारपणी तो गुलामीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, पण ते १७८७ मध्ये. पुतळे बघताना हेही लक्षात असलेलं बरं.

१७७५ मध्ये फ्रँकलिन परत आला तेव्हा इंग्रजांशी लढाई सुरू झाली होती. बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने सैन्याचा खर्च भागवायला स्वतःच्या नोटा काढल्या. चिन्हं आणि बोधवाक्यं ठरवण्यात फ्रँकलिन होताच. पाठीवर पुन्हा पानं. पण त्या पहिल्या मालिकेतली वीस डॉलरची नोट बघण्यासारखी आहे. तिच्या डाव्या कडेला रंगीत संगमरवरी पट्टा आहे. जुन्या कापडबांधणीच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याच्या आत जो लाटालाटांचा रंगीत कागद असायचा तो. असा कागद करताना पाण्यावर रंग तरंगवतात, फणीने फिरवतात आणि वर कागद टेकवून उचलतात. एका कागदावरची लाट दुसऱ्या कागदावर कधी येत नाही, करणाऱ्यालाही ती पुन्हा काढता येत नाही. म्हणजे पानाच्याही पुढची पायरी. इथे प्रत्येक कागद वेगळा!

करारनाम्यांची एक जुनी पद्धत युरोपात होती. एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा, मधून नागमोडी कापायचा, अर्धा तुझा अर्धा माझा. भांडण झालं की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. त्या कापावर संगमरवरी लाट आली की कड जुळली पाहिजे आणि रंगही जुळले पाहिजेत. पण तपासायला दुसरा तुकडा लागतो आणि तो तुकडा खजिन्यात. शेतकऱ्याचं दुखणं होतं तिथेच.

हे दुखणं बरं व्हायला दोनशे वर्षं लागली. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी पब्लिक कीची कल्पना मांडली, १९७७ मध्ये आरएसए आलं. डिजिटल सिग्नेचर काय ते कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना पाठ आहे, बाकीच्यांसाठी दोन ओळी. सही करायची किल्ली एकाकडेच, तपासायची किल्ली सगळ्यांकडे. तपासायची किल्ली हातात असून सही करता येत नाही. नोटेवरच्या हाताने केलेल्या सहीत हेच नव्हतं. ती ज्याला ओळखता यायची त्याला बहुधा काढताही यायची.

पण नुसती डिजिटल सही वस्तूला उपयोगी नाही. सही म्हणजे शेवटी आकडे, आणि आकड्यांची झेरॉक्स निघते. बॉक्सवर सही केलेला क्यूआर कोड छापला तर चोर तोच कोड आपल्या खोट्या बॉक्सवर छापेल, आणि तपासणारा म्हणेल, सही बरोबर आहे! बरोबरच असणार, कारण कंपनीने ती खरंच केली होती, फक्त दुसऱ्या बॉक्ससाठी. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगलंच झालं. पण कोडमध्ये माहिती असणं वेगळं आणि तो कोड या वस्तूचाच आहे हे सिद्ध होणं वेगळं.

गाठ मारायची ती इथे. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या बॉडर या संशोधकाने १९८३ मध्ये नोटांसाठी एक कल्पना मांडली. कागद करताना त्यात बारीक तंतू विखरायचे. ते कसे पडतील हे करणाऱ्याच्याही हातात नाही. मग त्या तंतूंची मांडणी यंत्राने वाचायची, तिच्यावर डिजिटल सही करायची आणि ती सही त्याच नोटेवर छापायची. तपासणारा तंतू पुन्हा वाचतो, सही सार्वजनिक किल्लीने तपासतो आणि सहीतली मांडणी समोरच्या मांडणीशी ताडून बघतो. चोराने सही उचलून दुसऱ्या कागदावर लावली तर तंतू जुळत नाहीत. स्वतःचे तंतू वापरले तर त्यांच्यावर सही कोण करणार? आणि खजिन्यातला दुसरा तुकडा लागतच नाही, तो सहीच्या रूपाने नोटेवरच आहे. मी हे वाचलं तेव्हा मला एकदम त्या वीस डॉलरच्या नोटेची कड दिसली.

प्रत्यक्षात एक कटकट आहे, व्हायवाला विचारतात म्हणून सांगतो. तंतू दोनदा वाचले तर दोन्ही वेळा अगदी तेच आकडे येत नाहीत. नोट मळते, दुमडते, कॅमेरा हलतो. हॅशमध्ये एक बिट बदललं तर सगळाच हॅश बदलतो. म्हणून मोजलेल्या मांडणीचा सरळ हॅश घेऊन भागत नाही. मूळ मांडणी सहीबरोबर ठेवायची आणि ठरावीक फरकापर्यंत जुळली तर पास करायची, नाहीतर एरर करेक्शन वापरायचं. मर्यादा सैल ठेवली तर खोटी नोट घुसते, आवळली तर खरी मळकी नोट परत जाते. तो मधला आकडा ठरवणं हे खरं इंजिनियरिंग.

पुढे एमआयटीत रविकांत पप्पू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सायन्स नियतकालिकात असाच एक प्रयोग दिला. काचेचे बारीक मणी घातलेली, एक सेंटिमीटर लांबीरुंदीची पारदर्शक चकती, त्यातून लेझर सोडला की पडणारी ठिपक्यांची नक्षी. लेझरचा कोन बदलला की नक्षी बदलते, आणि चकतीची प्रतिकृती करणं कोणाच्या आवाक्यात नाही. त्याच वर्षी, त्याच एमआयटीत, आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले श्रीनिवास देवदास आणि मंडळींनी हेच सिलिकॉन चिपमध्ये केलं. एकाच डिझाइनच्या दोन चिप्समध्ये सिग्नलचा उशीर किंचित वेगळा असतो, तीच चिपची ओळख. या प्रकाराला आता पफ म्हणतात, फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन.

आता पुन्हा १७७५ नंतरच्या त्या लढाईकडे, कारण फ्रँकलिनच्या नोटांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. इंग्रजांना कळलं की बंडखोरांचं सैन्य कागदावर चाललंय. न्यूयॉर्क त्यांच्या ताब्यात होतं. तिथे खोट्या काँग्रेस नोटा सर्रास तयार व्हायला लागल्या. १७७७ मध्ये तर न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात उघड जाहिरात आली, की दुसऱ्या वसाहतीत प्रवासाला निघालेल्यांना हव्या तेवढ्या खोट्या नोटा मिळतील, किंमत फक्त कागदाची, रिमाच्या भावाने. राजसत्ताच जेव्हा नक्कल करायला बसते तेव्हा मृत्युदंडाची धमकी कोणाला देणार? काँग्रेसने निळ्या कागदावर खऱ्या नोटांचे नमुने छापून वाटले, म्हणजे शंका आली की शेजारी ठेवून ताडून बघता येईल. तपासायची किल्ली सगळ्यांना वाटण्याचाच तो एक प्रयत्न, दुसरं काय. पण तो पुरला नाही. जानेवारी १७७९ मध्ये काँग्रेसला २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ या तारखांच्या नोटांच्या दोन अख्ख्या मालिका चलनातून काढून घ्याव्या लागल्या, खऱ्या खोट्या सगळ्याच. ज्यांनी इमानदारीने सैन्याला धान्य विकलं होतं त्यांना नोटा घेऊन बदलायला धावावं लागलं.

आणि एवढ्यावर भागलं नाही, कारण दुसरी चूक खुद्द काँग्रेसचीच होती. पैसा लागला की छाप. मिळून सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा काढल्या. मार्च १७८० मध्ये त्यांनी मान्य केलं की चाळीस कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक. आपल्या सेमिनारच्या विषयाला इथे सरळ भिंत लागते. पान, तंतू, पफ, सही, यातलं काहीही एवढंच सांगतं की ही नोट काढणाऱ्यानेच काढली. काढणाऱ्याने किती काढाव्यात हे कोणतीही सही तपासत नाही.

फ्रँकलिन तेव्हा फ्रान्समध्ये होता, १७७६ च्या अखेरीस गेलेला, सत्तरी ओलांडलेला. पॅरिसजवळ पासी इथे राहायचा आणि वकिलात सांभाळता सांभाळता घरात छापखाना चालवायचा! तिथे छापलेल्या कर्जाच्या काही कागदांवरही त्याने संगमरवरी पट्टा वापरला. सवय जात नाही माणसाची. नोटांची किंमत उतरत गेली तेव्हा त्याचं मत असं पडलं की हा एक प्रकारचा करच आहे, नोट ज्याच्या हातात जितका वेळ राहिली तितका त्याने भरलेला. हिशेब म्हणून बरोबर आहे. पण ज्याची वर्षाची मिळकत त्या नोटांत अडकली त्याला पासीतून असं सांगणं मला थोडं कोरडं वाटतं.

१७८५ मध्ये परतला आणि १७ एप्रिल १७९० ला फिलाडेल्फियात गेला. शास्त्रज्ञ, वकील, राज्यघटनेवर सही करणारा, सगळं होऊन गेलेलं. पण मृत्युपत्राच्या सुरुवातीला स्वतःची ओळख देताना त्याने राजदूत वगैरेच्याही आधी धंदा लिहिला आहे, मुद्रक.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात मनुक्यान आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ग्रंथालयातल्या सुमारे ६०० जुन्या नोटा स्पेक्ट्रोस्कोपीच्या यंत्रांखाली ठेवल्या. त्यात फ्रँकलिनच्या खऱ्या होत्या आणि त्या काळातल्या खोट्याही. त्या काळी काळा रंग सहसा हाडं किंवा तेल जाळून करायचे. खोट्या नोटांच्या शाईत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर निघालं, म्हणजे हाडांचा काळा. फ्रँकलिनच्या शाईत ते जेमतेम, त्याऐवजी ग्रॅफाइट, खाणीतून काढलेलं. पान हुबेहूब जमलेल्या एखाद्या नकलाकाराला ही शाई काही कळली नव्हती.